दुसरीकडे खेळलास तर बघ

बहिणीने व्हॉट्सॲपवर एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली नुसतं लिहिलं, "दादा हे काय हाय बघ की जरा." भाचा एक खेळ खेळतो. कुठला ते सांगत नाही, संघटना पण सांगत नाही, सोलापूर लहान गाव आहे आणि ही सगळी मंडळी मला सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर भेटतात. मेसेजची भाषा एकदम सरकारी. सर्व खेळाडू व पालकांना कळविण्यात येते की संघटनेची मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेतल्यास जिल्हा निवड चाचणीसाठी सदर खेळाडूचा विचार केला जाणार नाही, नोंद घ्यावी. खाली सही नाही, शिक्का नाही, फक्त हात जोडलेले दोन इमोजी.

झालं होतं असं की जुळे सोलापुरात एका खाजगी अकॅडमीने मंगल कार्यालय भाड्याने घेऊन स्पर्धा ठेवली होती. फी तीनशे, पहिलं बक्षीस पाच हजार, दुपारचं जेवण त्यांच्याकडे. संघटनेच्या स्पर्धेत पहिला आलं तर प्लास्टिकचा कप आणि सर्टिफिकेट, आणि जेवणाचा डबा घरनं. पोरं कुठं जाणार ते सांगायला नको.

मी वकील नाही, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. पण कोर्टाच्या ऑर्डरी वाचायची मला खोड आहे, रात्री जेवण झालं की लोक वेब सिरीज बघतात, मी पीडीएफ वाचतो, बायको म्हणते ह्यापेक्षा दारू बरी. तर हा मेसेज वाचल्या वाचल्या मला ओळखीचा वाटला, कारण अगदी असाच मेसेज २०२० ला मुंबई उपनगरातल्या टेबल टेनिस संघटनेने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, खेळाडू, पालक, कोच सगळ्यांना, की आमच्याशी संलग्न नसलेल्या लोकांच्या नादी लागू नका. हौशी खेळाडूंसाठी स्पर्धा भरवणारी एक संस्था ते घेऊन थेट दिल्लीला भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे सीसीआयकडे गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाने सांगितलं की हे कायद्याच्या विरोधात आहे, परत करायचं नाही. एक व्हॉट्सॲप मेसेज आणि त्याच्यावर देशाच्या कॉम्पिटिशन कमिशनची ऑर्डर! आमच्या ग्रुप ॲडमिनला हे माहीत असतं तर इमोजी तरी कमी टाकले असते.

कायदा २००२ चा आहे, कॉम्पिटिशन ॲक्ट, त्याच्यातलं कलम चार म्हणजे ह्या सगळ्याचं मूळ. लोकांना वाटतं मोनोपॉली असणं म्हणजे गुन्हा. तसं नाहीये. चाटी गल्लीत सगळ्यात मोठं दुकान तुमचं असेल तर असू द्या, पण गिऱ्हाईकाला जर तुम्ही म्हणालात की शेजारच्या दुकानाची पायरी चढलास तर परत इथं यायचं नाही, आणि चादरीचं दुसरं चांगलं दुकान गावातच नाही, तर मग ते कलम चार. मोठेपणाचा गैरवापर. खेळात हे जास्त टोचतं कारण इथं गिऱ्हाईक नाही तर खेळाडू अडकतो, आणि खेळाडूकडे वेळ नसतो. पंचविशीतला पैलवान केस जिंकेपर्यंत पस्तिशीचा होतो.

संघटनांचं ह्याच्यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आम्ही धंदा करत नाही, आम्ही सोसायटी आहोत, खेळाची सेवा करतो, हा कायदा कंपन्यांना लावा. बीसीसीआय तर तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर झालेली संस्था आहे, कागदावर तुमच्या आमच्या सार्वजनिक मंडळासारखीच. आयोगाने हे ऐकून घेतलं नाही. तिकीट विकता, टीव्हीचे हक्क विकता, स्पॉन्सर घेता, मग तुम्ही कायद्याच्या भाषेत एंटरप्राइज, सेवा करता का अजून काय करता तो तुमचा प्रश्न.

बुद्धिबळाची केस बघा. ऑल इंडिया चेस फेडरेशन खेळाडूंकडून लिहून घ्यायचं की मी मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही. खेळलं तर बंदी, आणि इलो रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, जायचं. बुद्धिबळ खेळणाऱ्याचं रेटिंग काढून घेणं म्हणजे त्याची आजपर्यंतची सगळी कमाई पुसून टाकणं, कारण त्याच्यावरच पुढची स्पर्धा, पुढचा गट, कोचिंगची फी सगळं ठरतं. चार खेळाडू २०११ ला आयोगाकडे गेले आणि निकाल आला जुलै २०१८ मध्ये. सात वर्षं! दंड किती तर सहा लाख ब्याण्णव हजार. दंड गंमत म्हणून सोडून द्या, महत्त्वाचं वाक्य पुढं होतं, की स्पर्धांना मान्यता द्यायची कशी आणि कुठल्या निकषावर, ते फेडरेशनने ठरवून जाहीर करावं. हे लक्षात ठेवा, परत लागणार आहे. बेसबॉलमध्ये पण तेच, ॲमॅच्युअर बेसबॉल फेडरेशनने जानेवारी २०२१ ला राज्य संघटनांना पत्र पाठवलं की मान्यता नसलेल्या मंडळींना थारा देऊ नका आणि आपले खेळाडू पाठवू नका, जून २०२२ ला आयोगाने ते बंद करायला लावलं. आपल्याकडे बेसबॉल खेळतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण तिथं पण मक्तेदारीवरनं भांडण आहे.

आता मोठ्या घराकडे वळू.

आयसीएल आठवतंय का? इंडियन क्रिकेट लीग. २००७ चा हिवाळा, आम्ही कॉलेजला, हॉस्टेलच्या टीव्हीवर पंचकुलाच्या मैदानातल्या मॅच. आयपीएल तेव्हा जन्माला यायचं होतं, ते एप्रिल २००८ ला आलं. झी च्या सुभाष चंद्रांनी ही लीग काढली, आणि का काढली तर त्याच्या आधी बीसीसीआयकडनं टीव्हीचे हक्क मिळवायचा खेळ ते खेळून हरले होते, सगळ्यात मोठी बोली लावून पण. त्याच भांडणातनं २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की बीसीसीआय म्हणजे घटनेच्या अर्थाने 'राज्य', म्हणजे सरकारी यंत्रणा, नाही, तीन विरुद्ध दोन. मग माणसाने विचार केला की मॅच विकत मिळत नाहीत तर आपणच तयार करू. ब्रायन लारा आणला, कपिल देवला प्रमुख केलं.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. कपिल देव, ज्याच्या हातात १९८३ चा कप बघून आपल्या आधीची पिढी क्रिकेटवेडी झाली, त्याला नॅशनल क्रिकेट अकॅडमीच्या अध्यक्षपदावरनं काढलं, पेन्शन अडवली. खेळाडूंवर बंदी. रणजी नाही, भारताचा तर विषयच नाही. बोर्डाच्या संघटनांच्या ताब्यातली मैदानं मिळेनात म्हणून लीग कुठं कुठं जागा शोधत फिरली. अंबाती रायुडू तेव्हा विशी-बाविशीचा, भारताचा पुढचा मोठा बॅट्समन म्हणून ज्याचं नाव घ्यायचे, तो आयसीएलला गेला आणि २००९ ला बोर्डाने माफी जाहीर केली तेव्हा परत आला. माफी हा शब्द बघा. गुन्हा काय केला होता तर दुसऱ्याच्या लीगमध्ये क्रिकेट खेळला होता. भारताच्या वनडे संघात तो २०१३ ला आला. कपिलने २०१२ ला बोर्डाशी जुळवून घेतलं, तेव्हा दीड कोटीची एकरकमी रक्कम आणि पेन्शन मोकळी झाली. आयसीएल तोपर्यंत कधीच बुडाली होती.

बरं हे जगात पहिल्यांदा झालं असं पण नाही. १९७७ ला ऑस्ट्रेलियात केरी पॅकरने डिट्टो हेच केलं होतं, टीव्हीचे हक्क मिळेनात म्हणून स्वतःची क्रिकेट मालिका, आणि आयसीसी आणि इंग्लंडच्या बोर्डाने त्याच्याकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी आणली. टोनी ग्रेग, जॉन स्नो आणि माइक प्रॉक्टर लंडनच्या हायकोर्टात गेले आणि जिंकले, कोर्टाने सांगितलं की माणसाला त्याच्या धंद्यात पोट भरण्यापासून तुम्ही असं अडवू शकत नाही. तीस वर्षांनी आपल्याकडे तोच सिनेमा लागला, फक्त शेवट बदलला, कारण तिकडे खेळाडू कोर्टात जिंकले आणि इकडे खेळाडू माफीच्या रांगेत उभे राहिले.

बीसीसीआयवर आयोगाची केस मात्र झाली, आणि ती कुठल्या मोठ्या कंपनीने नाही तर दिल्लीच्या एका क्रिकेटप्रेमी माणसाने २०१० मध्ये टाकली. चौकशीत आयपीएलच्या मीडिया हक्कांच्या करारातलं एक कलम सापडलं. त्यात बोर्डाने टीव्हीवाल्याला लिहून दिलं होतं की ह्या कराराच्या मुदतीत, म्हणजे दहा वर्षं, आयपीएलशी स्पर्धा करेल अशी दुसरी व्यावसायिक ट्वेंटी-२० लीग आम्ही भरवणार नाही, मान्यता देणार नाही आणि पाठिंबा देणार नाही. आता गंमत बघा, कुठल्या लीगला मान्यता द्यायची हे ठरवायचा अधिकार बोर्डाकडे आहे तो का, तर खेळाचं भलं बघायला. आणि तो अधिकार त्यांनी आधीच विकून टाकला, पैसे घेऊन, दहा वर्षांसाठी. उद्या एखादी चांगली लीग आली तर तिच्याकडे बघायच्या आधीच उत्तर ठरलेलं, नाही.

फेब्रुवारी २०१३ ला आयोगाने दंड ठोकला बावन्न कोटी चोवीस लाख. बोर्ड अपिलात गेलं, २०१५ ला अपिली ट्रिब्युनलने ऑर्डर रद्द केली कारण बोर्डाला बाजू मांडायची नीट संधी दिली नाही, परत ऐका म्हणाले. परत ऐकलं, नोव्हेंबर २०१७ ला परत तोच दंड, बावन्न कोटी चोवीस लाख, एक रुपया इकडे तिकडे नाही. तोपर्यंत त्या कराराची दहा वर्षं संपत आली होती, आणि आयपीएलचे पुढच्या पाच वर्षांचे हक्क सोळा हजार तीनशे सत्तेचाळीस कोटीला विकून झाले होते.

अकाउंटवाला आहे म्हणून एक हिशोब करून दाखवतो. २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटीला गेले. बोर्डाने ४१० मॅचचा हिशोब धरून विकलेत. एका मॅचचे झाले ११८ कोटी. म्हणजे दहा वर्षं दुसऱ्या कुणाला दारात उभं केलं नाही त्याचा दंड आजच्या भावाने अर्ध्या मॅचच्या पैशापेक्षा कमी. दुसरी इनिंग सुरू व्हायच्या आत वसूल. आमच्या कारखान्याला जीएसटी भरायला चार दिवस उशीर झाला तर टक्केवारीने ह्याच्यापेक्षा जास्त लागतं असं मला दर महिन्याला वाटतं.

(एक आडवी गोष्ट सांगतो, पुढचं वाचायची घाई असेल तर सोडा. १९९३ च्या हिरो कपला दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना ह्यांचं भांडण झालं होतं. तेव्हा मॅच दाखवायचा मक्ता दूरदर्शनचा, आणि बोर्डाला पैसे द्यायचे सोडून मॅच दाखवायचे पैसे दूरदर्शनच बोर्डाकडे मागायचं, ऐकून हसू येतं आता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९५ ला न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या निकालाने ठरलं की हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. म्हणजे आज जे घर सगळ्यात मोठं मक्तेदार म्हणून आपण बोलतो, ते मोठं झालं दुसऱ्याची मक्तेदारी कोर्टात मोडून झाल्यावर.)

आता संघटनांची बाजू. माझा मित्र कोच आहे, तो ही पोस्ट वाचेल आणि फोन करून शिव्या घालेल म्हणून आधीच लिहितो. तो म्हणतो, "तुला काय जातंय बे लिहायला, उद्या दहा संघटना झाल्या तर दहा चॅम्पियन होतील, वयाचे दाखले कोण बघणार, डोपिंग कोण बघणार, पोराचं हाड मोडलं तर जबाबदार कोण?" हे सगळं खरंय. वय लपवणं हा आपल्याकडे सगळ्या खेळांना लागलेला रोग आहे आणि त्याच्यावर कुणीतरी एक बसलेला लागतो. फिक्सिंगचं पण तसंच. आयसीएलच्या शेवटी फिक्सिंगच्या कुजबुजी होत्याच की.

आणि दोन संघटना झाल्या की काय होतं ते बघायला आपल्याला युरोप अमेरिकेला जायची गरज नाही, कुस्ती आहे. जानेवारी २०२३ च्या पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीला मोहोळचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड, दोघंही आपल्या जिल्ह्याचे, त्यांच्या कुस्तीत पंचांनी महेंद्रला चार गुण दिले त्याच्यावरनं केवढा राडा झाला होता, गावागावात पारावर पंच बसले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरला दोन संघटनांच्या भांडणात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. एक पुण्याजवळ फुलगावला, तिथं सिकंदरने शिवराज राक्षेला काही सेकंदात चितपट केला. दुसरी धाराशिवला, तिथं तोच शिवराज राक्षे हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी. एकाच महिन्यात एक पैलवान एका गदेला हरला आणि दुसरी गदा जिंकला. २०२५ ला परत दोन, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला आपल्या सोलापूरचा वेताळ शेळके. आमच्या शेजारचे एक आजोबा, जुने तालमीतले, ते म्हणाले आता घरटी एक केसरी करा.

आजोबांचा राग मला कळतो. गदा एकच पाहिजे, नाहीतर तिला अर्थ नाही. पण ह्या गोंधळात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही की पैलवानाची चूल काही विझली नाही. राक्षे दोन्हीकडे लढला, दोन्हीकडची बक्षिसं, दोन्हीकडे नाव. आणि पैलवान दोन महाराष्ट्र केसरीवर जगत पण नाही, तो जगतो गावच्या मैदानांवर. जत्रा आली की गावची कमिटी वर्गणी काढते, पोस्टर छापते, एक नंबरची जोड कुठली, दोन नंबरची कुठली, इनाम किती, सगळं मोठ्या अक्षरात, आणि दुपारी हलगी सुरू झाली की रेवड्यांच्या कुस्तीपासनं लाखाच्या कुस्तीपर्यंत संध्याकाळपर्यंत फड चालतो. कुठल्या गावाने कुठल्या फेडरेशनची परवानगी काढली? कुणाला काढायची असते हेच माहीत नाही. पंढरपूर, माळशिरस, मोहोळ, करमाळा, हंगामात आज इथं तर परवा तिथं मैदान, आणि वस्ताद फोनवर जोड ठरवतो, कमी इनाम असेल तर नाही म्हणतो, दुसरं गाव बघतो. कॉम्पिटिशन म्हणजे हेच की! पैलवानाला नाही म्हणता येतं कारण त्याच्यासाठी दुसरं गाव आहे. आयपीएलच्या लिलावात बसलेल्या पोराला दुसरं गाव नाही, तिथं टीमा दहा असल्या तरी दुकान एकच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संघटना एकच असू दे. गदा एक, निवड एक, रेकॉर्ड एक, वयाचे दाखले एकाच टेबलवर. पण खेळाडू रिकाम्या रविवारी दुसरीकडे खेळला म्हणून त्याला शिक्षा नको. सगळ्या कुलपांची किल्ली तिथं आहे. ती शिक्षा काढली की मान्यता नसलेली स्पर्धा पण भरते, संघटनेला पण प्लास्टिकच्या कपावरनं पुढं जावं लागतं, आणि कुणाची मान्यता काढायची गरज पण पडत नाही.

युरोपच्या कोर्टाने २१ डिसेंबर २०२३ ला एकाच दिवशी दोन निकाल दिले, दोन्ही ह्याच्यावरच. एक फुटबॉलचा, बारा मोठ्या क्लबांनी २०२१ ला सुपर लीग काढायची घोषणा केली होती आणि प्रेक्षकच इतके भडकले की दोन-तीन दिवसात बहुतेक क्लब पळून गेले, तरी कोर्टाने सांगितलं की फिफा आणि युएफाचे परवानगीचे आणि शिक्षेचे नियम जसे होते तसे चालणार नाहीत. दुसरा मला जास्त आवडतो, बर्फावर स्केटिंग करणारे दोन डच खेळाडू. दुबईत एक नवीन स्पर्धा होणार होती, आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनचा नियम असा की मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरलं तर आजन्म बंदी सुद्धा होऊ शकते. दोघांनी २०१४ ला तक्रार केली आणि शेवटपर्यंत नेली. कोर्टाने असं कुठंच म्हटलं नाही की परवानगी मागूच नका. त्यांनी म्हटलं की जो स्वतः स्पर्धा भरवून पैसे कमावतो तोच जर दुसऱ्याला परवानगी देणारा पण असेल, तर त्याचे निकष आधीपासून लिहिलेले पाहिजेत, स्पष्ट पाहिजेत, आणि सगळ्यांना सारखे पाहिजेत. आपल्या आयोगाने चेस फेडरेशनला २०१८ ला जे सांगितलं होतं ते हेच.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथं बेसबॉलला १९२२ पासून सुप्रीम कोर्टाने मक्तेदारीच्या कायद्यातून सूट दिलीय, म्हणे तो आंतरराज्य व्यापार नाही, आणि ती सूट बरीचशी अजून टिकून आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये यूएसएफएल नावाच्या नव्या लीगने जुन्या एनएफएलवर केस टाकली, १९८६ ला ज्युरी म्हणाली हो एनएफएल मक्तेदार आहे, कायदा मोडलाय, आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. कायद्याप्रमाणे ती तिप्पट होते म्हणून तीन डॉलर. ह्या बुडालेल्या लीगमधल्या एका टीमचे मालक डोनाल्ड ट्रम्प होते. पुढचं तुम्हीच हसा.

परत सोलापूर. आमच्या मेसेजमध्ये 'विचार केला जाणार नाही' एवढं एक वाक्य, आणि तेवढ्यानेच बहीण घाबरली, का? कारण त्या जिल्हा निवडीच्या मागे खेळ नाही, कागद आहे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण मान्यताप्राप्त स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते पण त्याच कागदावर, आणि पडताळणीला गेलं की साहेब पहिलं बघतो की संघटना मान्यताप्राप्त आहे का. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. म्हणजे बीसीसीआयकडे ४८ हजार कोटी आहेत म्हणून ताकद, आणि आमच्या जिल्ह्याच्या संघटनेकडे बँकेत चाळीस हजार नसतील तरी ताकद तेवढीच, कारण शिक्का त्यांच्याकडे आहे. मक्तेदारीला पैसाच लागतो असं नाही. मी बहिणीला सांगितलं की खेळू दे, आणि तो मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेव. तो खेळला, तिसरा आला, पाचशे रुपये मिळाले, त्याचे बूट घ्यायला मी अजून हजार घातले. निवड चाचणी व्हायची आहे.

टीव्हीकडे पण एक नजर टाकू, कारण तिकडे दुकानं कमी व्हायला लागलीत. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे टीव्ही हक्क स्टारला आणि मोबाईलचे वायाकॉमला गेले, दोघं वेगळे म्हणून चढाओढ झाली आणि २०२३ ला जिओसिनेमावर सगळी आयपीएल फुकट बघितली आपण. मग रिलायन्स आणि डिस्नेचं लग्न ठरलं, सत्तर हजार कोटीचं, ऑगस्ट २०२४ ला त्याच आयोगाने मंजुरी दिली, अटी घालून, की क्रिकेटच्या जाहिरातींचे स्लॉट एकत्र बांधून गळ्यात मारायचे नाहीत, भाव अवाच्या सवा वाढवायचे नाहीत. २०२५ ची आयपीएल आली आणि काही मिनिटं फुकट, मग १४९ चा प्लॅन. शंभर-दीडशे रुपयांनी कुणी मरत नाही, पण २०२७ संपल्यावर हक्कांचा परत लिलाव होईल तेव्हा समोर बोली लावायला कोण असेल ह्याचा विचार बोर्डाने पण करायला सुरुवात केली असेल. आजपर्यंत विकणारा एक आणि घेणारे चार होते.

आणि आता आपल्या मनातली जखम. महाराष्ट्र प्रीमियर लीग जून २०२३ ला गहुंजेला सुरू झाली तेव्हा सहा टीमांत सोलापूर रॉयल्स होती. आम्ही लगेच वॉट्सॲप डीपी बदलले. पुढच्या सीझनला यादी बघितली तर सोलापूर गायब, रायगड रॉयल्स हजर. गावाला कुणी विचारलं नाही, विचारायची पद्धतच नाही, टीम गावाची नसतेच, गावाचं फक्त नाव असतं. आपल्या अर्शिन कुलकर्णीने त्या पहिल्या सीझनला शतक ठोकलं ते पण नाशिकच्या टीमकडनं, आणि त्याच डिसेंबरला लखनौने त्याला वीस लाखाला घेतलं. पोराने कुठूनही खेळावं, आमची ना नाही.

पण ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त पटणारी गोष्ट किरण नवगिरेची आहे. आपल्या जिल्ह्याची पोरगी. २०२२ ला ती नागालँडकडनं पाहुणी खेळाडू म्हणून खेळली, अरुणाचल विरुद्ध एका ट्वेंटी-२० मॅचमध्ये १६२ नाबाद. तोपर्यंत ट्वेंटी-२० त दीडशेच्या वर कुठलाच भारतीय गेला नव्हता, पुरुष पण नाही. त्याच वर्षी सप्टेंबरला ती इंग्लंडमध्ये भारताकडनं खेळत होती. बोर्ड एकच, पण राज्य संघटना बऱ्याच आहेत आणि एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जायची वाट नियमात लिहिलेली आहे, एनओसी घ्या आणि जा, जाणाऱ्याला शिक्षा नाही. ऑक्टोबर २०२५ ला ती परत महाराष्ट्राकडनं खेळत होती आणि पंजाब विरुद्ध ३४ बॉलात शतक मारलं, महिलांच्या ट्वेंटी-२० मधलं सगळ्यात वेगवान. नागालँडला गेली होती म्हणून महाराष्ट्राने तिचा 'विचार केला जाणार नाही' असा मेसेज टाकला असता तर?

२०२५ ला नवीन क्रीडा प्रशासन कायदा आलाय, राष्ट्रीय क्रीडा बोर्ड मान्यता देणार, भांडणं ट्रिब्युनलकडे जाणार, बीसीसीआय पण त्याच्यात. मला अजून एकच कोडं सुटत नाहीये, दुसरीकडे खेळला म्हणून एखाद्याला बसवलं तर त्याने आता जायचं कुठं, ह्या ट्रिब्युनलकडे का त्या आयोगाकडे? कुणी वकील वाचत असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या जिल्ह्यात, तुमच्या खेळात असे मेसेज आले असतील तर ते पण टाका, फक्त नावं खोडून टाका, मला सात रस्त्याला चहा प्यायला जावं लागतं.